पाहुण्याचा पहिला नंबर: सिडकोतल्या घरावरच्या ११ मिनिटांच्या ॲनिमेटेड भागाची चिरफाड

साखरपुडा मोडलेला मामा बहिणीच्या घरी राहायला येतो. एवढ्या एका ओळीवर ॲनिमेटेड विनोदी मालिकेचा भाग लिहायला बसलं, की तासाभरात तेच तेच सुचायला लागतं. मामा दाढी वाढवतो, उशीला मिठी मारून झोपतो, मोबाइलवर रडकी गाणी लावतो आणि घरचे डोळे फिरवतात. दोन मिनिटं हसू येतं. तिसऱ्या मिनिटाला बघणाऱ्याला मामाचा कंटाळा येतो, चौथ्याला लिहिणाऱ्याचा.

खाली तपासलेला भाग लेखनाच्या सरावासाठी रचलेला नमुना आहे, कुठे दाखवला गेलेला नाही. लहान टीमच्या हातून अशा विषयात ज्या चुका हमखास होतात त्या त्याच्या तीन मसुद्यांत ओळीने ठेवल्या आहेत. लांबी ११ मिनिटं, म्हणजे ६६० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमने १५,८४० फ्रेम होतात आणि एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ७,९२० चित्रं. सगळं हाताने काढणं चार-पाच जणांच्या टीमला झेपत नाही, म्हणून पात्रं सुट्या अवयवांची, कठपुतळीसारखी जोडलेली. सरासरी ४.४ सेकंदांचा शॉट धरला तर १५० शॉट. हे आकडे सुरुवातीलाच सांगितले, कारण पुढे गोष्टीत झालेले निम्मे बदल त्यांच्यामुळेच झाले आहेत, आणि ते बदल चांगले निघाले.

घर आणि माणसं

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला एक घर. हॉल १० बाय १२, आत बेडरूम १० बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ९, आणि या तिघांना जोडणारा ३ फुटी बोळ. बोळाच्या टोकाला बाथरूम. वर गच्चीत ५०० लिटरची काळी टाकी. माणसं पाच. आजी, तिचा मुलगा, सून, दहावीतली नात आणि सुनेचा भाऊ. भाऊ अमळनेरकडचा, वय ३२, अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, पाळी दुपारी ३ ते रात्री ११. मूळ ठरलं होतं आठ दिवस. भाग सुरू होतो तेव्हा एक्केचाळिसावा दिवस आहे.

पात्रांना नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घरात कोण कोणाला काय म्हणतं यावरच सगळं चालतं. मुलीच्या दृष्टीने तो मामा, मामाच्या दृष्टीने तिचे वडील दाजी आणि आई ताई. आजी त्याला समोर ‘पाव्हणं’ म्हणते, पाठीमागेही ‘पाव्हणं’च म्हणते, फक्त सूर बदलतो. दाजी त्याला अहो-जाहो करतात. वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या मेहुण्याला एक्केचाळीस दिवस अहो-जाहो! पहिल्या वाचनात हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिसऱ्या मसुद्यात अख्खा भाग त्यावर उभा राहिला.

पहिला मसुदा: देवदासाची चित्रफीत

पहिल्या मसुद्यात मामाचं दुःख हेच विनोदाचं यंत्र होतं. सहा प्रसंग, प्रत्येकात मामा काहीतरी बघतो आणि हुंदका देतो. मधे दोन मिनिटं पूर्वकथा: मुलगी कशी भेटली, बोलणी कशी फिसकटली. शेवटी मामा गोदाघाटावर जातो, रामकुंडाजवळ अंगठी पाण्यात टाकतो, सूर्य उगवतो.

यात कुठे काय बिघडलं ते सुटं सुटं बघू.

पूर्वकथेने भागाचा पाचवा हिस्सा खाल्ला आणि घराबाहेरची पाच नवी माणसं काढायला लावली. जोडलेल्या पात्राचा प्रत्येक नवा चेहरा म्हणजे डोकं वळवण्याच्या निदान तीन बाजू, हातांचे चार-पाच आकार, तोंडाचा पूर्ण संच. वीस सेकंद दिसणाऱ्या भावी सासऱ्यासाठी एवढं कोणी करत नाही. मग तो लाकडासारखा उभा राहतो आणि प्रसंग पडतो. शिवाय लग्न का मोडलं हे सांगितलं की बघणारा बाजू घ्यायला लागतो, आणि घरातला ताण बाजूला राहून चूक कोणाची याचा निवाडा सुरू होतो. तिसऱ्या मसुद्यात कारण कुठेच नाही. घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नाही. अशा घरांत तसंच असतं.

घाटाचा प्रसंग आणखी वाईट. वाहतं पाणी, त्यातली प्रतिबिंबं, मागे गर्दी. एका प्रसंगाला तीन आठवडे. आणि नाशिक दाखवायचं म्हणजे घाट, मिसळ आणि द्राक्षाचा घड दाखवायचा, ही सवय बाहेरच्यांनी लावलेली आहे. सिडकोतल्या घराचं नाशिक वेगळं: ओट्यावर लावलेली दुचाकी, तारेवर वाळणारी कंपनीची निळी पँट, जानेवारीत तोंडातून निघणारी वाफ, लांबवर पांडवलेणीचा डोंगर. सगळ्यात मोठी चूक व्यवहाराची. साखरपुडा मोडला की देणं-घेणं परत होतं. इकडची अंगठी तिकडे, तिकडून शालू इकडे. सोनं कोणी नदीत टाकत नाही, ते डबीत घालून कपाटात जातं, आणि पावती कुठे ठेवली ते आई दोनदा विचारते. पण या चुकीतूनच उपयोगाची वस्तू हाती आली. परत आलेल्या शालूचं या घराने काय केलं?

दुसरा मसुदा: टाकीचा हिशेब

‘किंग ऑफ द हिल’ या १९९७ साली सुरू झालेल्या अमेरिकी मालिकेत पेगीची भाची लुआन त्यांच्या घरी राहायला येते आणि तिचा मुक्काम हँकच्या स्वतःच्या खोलीत पडतो. हँकला सलतं ते खोली गेल्याचं. हे तिथे चालतं कारण तिथे द्यायला एक खोली आहे. सिडकोतल्या घरात अशी जादा खोली नाही. इथे नातेवाइकाने व्यापलेली जागा मोजायची तर ती चौरस फुटांत मोजून भागत नाही, मिनिटांत आणि लिटरमध्ये मोजावी लागते.

म्हणून दुसऱ्या मसुद्याच्या आधी हिशेब मांडला. २० लिटरची बादली नळाखाली दोन मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाच आंघोळी, प्रत्येकी दोन बादल्या: २००. स्वयंपाक आणि भांडी ८०. कपडे ९०. संडास ६०. बेरीज ४३०. टाकी ५००. सत्तर लिटर हाताशी राहतात, घर सुरळीत चालतं.

आता मामा. मामा रोज सकाळी बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो आणि रडतो. नळ सोडतो कारण ३ फुटी बोळाच्या पलीकडे आजी बसलेली आहे, आणि या घरात आवाज न होता रडायला दुसरी जागा नाही. चौदा मिनिटं नळ चालू. १४० लिटर जास्तीचे. ५७० झाले, ७० कमी पडले.

हा हिशेब बघणाऱ्याला कधीच सांगायचा नाही. तो लिहिणाऱ्याकडे पक्का असला पाहिजे, कारण पाणी संपणं हा योगायोग वाटला तर शेवट फुकट जातो. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की पाव्हण्याला आंघोळीला फार वेळ लागतो. दुःख बंद दाराआड गेलं आणि दाराबाहेर उरली फक्त गैरसोय. हसायला जागा मिळते ती या गैरसोयीत. आजी टॉवेल घेऊन बोळात फेऱ्या घालते, दाजी दाढीचा फेस लावून थांबतात आणि फेस वाळतो, मुलगी स्टॉपवॉच लावते.

तरीही दुसरा मसुदा डगमगला, आणि त्याचं कारण शोधायला वेळ लागला. त्यात पाणी दाजींच्या आंघोळीला संपत होतं. दाजी चिडतात, ताईशी भांडतात, ‘तुझा भाऊ’ हे शब्द येतात. भांडण जोरदार, पण खोटं. अशा घरात तुटवडा कर्त्या पुरुषापर्यंत पोचूच दिला जात नाही. आंघोळीचा शेवटचा नंबर घरातल्या बाईचा असतो, तो कुठे लिहिलेला नसला तरी. म्हणजे ७० लिटर कमी पडले की ४० ताईच्या आंघोळीचे जातात आणि उरलेले ३० तिच्याच कपडे धुण्यातून. ती पोरीच्या उरलेल्या अर्ध्या बादलीत भागवते आणि गप्प बसते, कारण भाऊ तिचा आहे. बोलली तर तिनेच त्याला बाहेर काढल्यासारखं होईल. एक्केचाळीस दिवस घरात पाण्याची तक्रारच नव्हती, ती अशी.

इथून तिसरा मसुदा सुरू झाला.

तिसरा मसुदा: नंबर

मामाची पाळी दुपारी ३ ला. तो सकाळी नऊला आंघोळ करू शकतो, अकराला करू शकतो. मग ६:१५ ला, सगळ्यांच्या आधी का? पहिल्या दिवशी दाजी म्हणाले होते, ‘पाहुणे, तुम्ही आधी घ्या उरकून.’ पाहुण्याचा पहिला नंबर. तो नंबर मग कोणी बदललाच नाही. मामा रात्री साडेअकराला येऊन हॉलमध्ये झोपतो, पहाटे साडेपाचला आजीचा रेडिओ सुरू होतो आणि सहाला डोळे चोळत उठून तो बाथरूमकडे निघतो, कारण आपल्यामुळे बाकीचे खोळंबू नयेत असं त्याला वाटतं. बाकीचे खोळंबतात, कारण त्याला शेवटी जा म्हणणं म्हणजे ‘आता पुरे झालं’ म्हणण्यासारखं आहे असं त्यांना वाटतं. उपाय सगळ्यांना दिसतो आहे, तोंडातून कोणाच्याच निघत नाही. या एका गाठीत विनोदही आहे आणि दुखणंही. लिहिणाऱ्याने दोन्ही वेगळे आणायची गरज उरली नाही.

भागाची बांधणी अशी झाली. सुरुवातीचा तुकडा ४० सेकंद, पहिला अंक ३ मिनिटं २० सेकंद, दुसरा ३:३०, तिसरा ३:००, शेपूट ३० सेकंद.

सुरुवातीला बोळातली रांग. पहिल्या अंकात मुलगी वेळापत्रक लिहून कपाटाला चिकटवते: मामा ६:१५ ते ६:३०, आजी, ती स्वतः, पप्पा, आई. मामाची पंधरा मिनिटं तिने बाकीच्यांच्या दुप्पट ठेवलीत हे कोणी बोलत नाही. दाजी कागद वाचतात, मान हलवतात, मामा दिसताच म्हणतात, ‘नाही नाही, ते आमच्यासाठी आहे. तुम्ही निवांत घ्या.’ त्याच अंकात आजी पेपर वाचता वाचता मोठ्याने सांगते, की शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी येणार नाही. मामा तेव्हा कामावर आहे. या बातमीला तीन सेकंद पुरतात आणि तीन सेकंदांच्या वर द्यायचेही नाहीत. आजी त्याच श्वासात सोन्याचा भाव वाचते, म्हणजे पाण्याची बातमी पेरल्यासारखी वाटत नाही.

दुसऱ्या अंकात शालू. परत आलेला शालू ताईने कपाटात तळाशी दडवला आहे, भावाच्या नजरेला पडू नये म्हणून. आजीला तो सापडतो. सुनेने गुपचूप भारी साडी घेतली असं तिला वाटतं. आजी भांडत नाही. सासूला सुनेचा राग काढायचा असतो तेव्हा ती उपकार करते. ती शालू शेजारणीकडे फॉल-पिकोला देऊन येते. शुक्रवारी रात्री मामा साडेअकराला येतो तेव्हा फॉल लावून आलेला शालू हॉलमध्ये त्याच्या अंथरुणावरच्या दोरीवर टांगलेला असतो, सुरकुत्या पडू नयेत म्हणून. अंक इथे संपतो. मामा हुंदकाही देत नाही. दिवा बंद करून शालूखाली झोपतो.

तिसऱ्या अंकातल्या पाण्याचा हिशेब पुन्हा घट्ट करावा लागला. शुक्रवारी ताईने कपडे धुतले नाहीत, ९० वाचले. घरच्या चौघांनी एकेका बादलीत भागवलं, ८० वाचले. पाव्हण्याला सांगायचं कोणी? त्याला कोणी सांगितलं नाही. ५७० मधून १७० वजा, ४०० खर्च, टाकीत १०० शिल्लक. शनिवारी पहाटे चहा आणि संडासाला २० गेले. उरले ८०, म्हणजे नळाची आठ मिनिटं. ६:१५ ला मामा आत जातो, कारण पहिला नंबर त्याचा. ६:२३ ला नळ कोरडा पडतो आणि बोळात रांगेत उभ्या असलेल्या चौघांना पहिल्यांदाच ऐकू येतं, की आत नेमकं काय चालतं.

वीस सेकंद

सगळा भाग या वीस सेकंदांसाठी आहे. नियम एकच ठेवला: कॅमेरा बाथरूममध्ये जात नाही. दार, दाराखालची उजेडाची पट्टी, बाहेर माणसं.

क्रम असा. एकसारखा वाहणारा नळ ५ सेकंद. धार बारीक होते, ३ सेकंद. पाइपात हवा शिरून फुर्र-फुस, दीड सेकंद. शांतता १ सेकंद. हुंदका अडीच सेकंद. आपला आवाज बाहेर जातोय हे कळून आत रोखलेला श्वास, १ सेकंद. त्यानंतर चार चेहरे, ६ सेकंद, काही न बोलता. ४८० फ्रेम.

गच्चीतल्या टाकीचा नळ खटकन बंद होत नाही, हे पहिल्या ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्ची चित्रं आवाजासोबत वेळेत लावून केलेल्या चाचणीत, विसरलं गेलं होतं. आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबला आणि बघणाऱ्याला वाटलं मामाने नळ बंद केला. धार बारीक होण्याचे तीन सेकंद आणि हवेचा दीड सेकंद नसेल तर गोष्टच कळत नाही. त्यात आजीची मान आपोआप वर, टाकीच्या दिशेने जाते. एका पात्राने आवाजाचा अर्थ लावला की बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्याचा आवाज खऱ्या नळाचा, सलग मिनिटभर रेकॉर्ड केलेला हवा. चार सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला तर कान दहा सेकंदांत तो पकडतो. बादली रिकामी असताना धारेचा आवाज पोकळ असतो, भरत जाते तसा चढत जातो, भरून वाहायला लागली की फरशीवर सपाट पडतो. मामाची बादली केव्हाच भरून वाहते आहे, तेव्हा तोच आवाज घ्यायचा. आणखी एक फसगत मिश्रणाच्या वेळी होते. पाण्याचा एकसुरी आवाज हा गोंगाट काढणाऱ्या फिल्टरला गोंगाटच वाटतो. पूर्ण ट्रॅकवर फिल्टर चालवला तर तो पाणी खातो आणि त्याखालचा हुंदका पण चिरतो. म्हणून पाणी, हुंदका आणि बोळातले आवाज तीन वेगळ्या ट्रॅकवर, सफाई फक्त हुंदक्याच्या ट्रॅकची, तीही पाणी मिसळण्याआधी. दाराआडून आल्यासारखं वाटायला वरच्या पट्टीचे स्वर कापावे लागतात. साधारण हजार हर्ट्झच्या वरचं दाबलं की लाकडी दाराचा भास होतो. घुमाऱ्याचेही वरचे स्वर तसेच कापायचे. तो न कापता ठेवला तर बाथरूम बोळात आल्यासारखं ऐकू येतं.

हुंदका देणाऱ्या नटाला ‘रडा’ सांगू नये. रडणं दाबायला सांगावं. तोंडावर टॉवेल धरून, नाकाने श्वास घेत केलेली तिसरी-चौथी खेप कामाची निघते.

मग ते सहा सेकंद. ॲनिमेशनमध्ये स्थिर माणूस स्वस्त असतो आणि धोकादायक असतो. खरा नट गप्प उभा राहिला तरी जिवंत दिसतो, चित्र गप्प राहिलं की फ्रेम अडकल्यासारखी वाटते. चौघांनाही काहीतरी करायला लावलं की शांतता मोडते. तोडगा असा: एक वस्तू सतत हलती ठेवायची, इथे दाजींच्या गालावरून हळूहळू घसरणारा दाढीचा फेस. बाकी तिघांच्या डोक्याला सहा सेकंदांत दोन-तीन पिक्सेलचा सरकाव. पापण्या मिटायला २ फ्रेम, मिटलेल्या २, उघडायला ३, आणि चौघांच्या वेगवेगळ्या वेळी. पहिल्या खेपेला डोळ्यांची हालचाल एका पात्रावरून बाकी तिघांवर जशीच्या तशी उतरवली गेली होती. चौघांनी एकदम पापण्या लववल्या आणि सगळ्यात हळव्या क्षणी टीममध्ये हशा पिकला.

३ फुटी बोळात चार माणसं शेजारी मावत नाहीत, त्यांना एकामागे एक उभं करावं लागलं. दारातून बघितलं तर पुढे आजी, मग मुलगी, मग दाजी, सगळ्यात मागे ताई. मागच्या माणसाचे डोळे दिसायलाच हवेत म्हणून उंचीचा क्रम थोडा खोटा केला, ताई उंबऱ्यावर उभी आहे. टॉवेलचे चार रंग ठेवले की बारीक पडद्यावरही कोण कुठे ते कळतं. ताई शेवटी उभी आहे हे वेगळं सांगितलेलं नाही. तिचा नंबरच तो आहे.

तोंड आणि भाषा

ओठांच्या हालचालीसाठी ऱ्हूबार्ब लिप सिंक हे फुकट साधन वापरता येतं. ते सहा मूळ आणि तीन ऐच्छिक असे तोंडाचे नऊपर्यंत आकार देतं. मराठीसाठी त्याला फोनेटिक पर्याय सांगावा लागतो, नाहीतर ते आवाजात इंग्रजी शब्द शोधत बसतं. तरीही हाताने दुरुस्ती लागतेच. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटलेले निदान दोन फ्रेम दिसले पाहिजेत. एकच फ्रेम राहिली तर ‘मामा’ चा ‘आआ’ दिसतो, आणि या भागात ‘मामा’ शब्द पन्नास वेळा आहे. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवला की जुळलेला वाटतो, नेमक्या वेळी ठेवला तर मागे पडल्यासारखा.

मामाचं परवलीचं वाक्य एकच आहे: ‘माले भूक नही.’ तो नाशिकच्या मराठीत बोलतो आणि जेवणाच्या ताटापुढे अहिराणीत जातो. ताई लग्न होऊन सोळा वर्षं नाशिकमध्ये आहे, तीही फक्त त्याच्याशी बोलताना घसरते, आणि आजीला तेवढ्या वाक्यांपुरतं आपण बाहेरच्या आहोत असं वाटतं. सिडको-सातपूर भागात खानदेशातून आलेली घरं पुष्कळ, त्यामुळे हे कानाला ओळखीचं आहे, आणि म्हणूनच खोटं लगेच पकडलं जातं. वाक्यामागे ‘शे’ चिकटवला म्हणजे अहिराणी होत नाही. वाक्यं थोडी ठेवावीत आणि घरात अहिराणी बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावीत. विनोदासाठी अहिराणी वापरायची नाही, असंही ठरलं. पहिल्या मसुद्यात मुलगी मामाच्या बोलीची नक्कल करते असा एक प्रसंग होता. दुखावलेल्या माणसाच्या आईच्या भाषेवर हसणं त्या घरातल्या पोरीला शोभत नव्हतं, तो गेला.

जाता जाता एक गोष्ट. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्ये, आपला चित्रपटाचा कारखाना नाशिकला आणला, आणि त्याआधी मटार उगवतानाची वाढ थांबून थांबून टिपून पडद्यावर दाखवली होती. एक-एक फ्रेम धीराने मोजायची सवय या गावाला नवी नाही.

शेवट कसा उरला

तिसऱ्या मसुद्याच्या पहिल्या लिखाणात हुंदक्यानंतर दाजी दार ठोठावतात आणि दीड पानाचं समजुतीचं भाषण करतात. वाचताना ते बरं वाटलं. ॲनिमॅटिकमध्ये बंद दाराशी बोलणारा माणूस ४८ सेकंद चालला आणि मधल्या शांततेने जमवलेलं सगळं त्यात सांडलं. भाषण कापत कापत एका वाक्यावर आलं, ‘सावकाश रडा.’ तेही काढलं. मामाला आपण ऐकलं हे सांगायची काय गरज? त्याला ते कळलेलंच आहे.

आता घराबाहेर दाजींच्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो. दाजी हलत नाहीत. मग गालावरचा फेस टॉवेलने पुसतात, अर्धी दाढी तशीच ठेवून शेजाऱ्याकडून एक बादली पाणी आणतात आणि बाथरूमच्या दाराशी ठेवतात. बादली जड आहे हे दिसायला खांदा एका बाजूला झुकलेला चालण्याचा वेगळा फेरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायची पावलांची हालचाल, बनवावा लागला. नेहमीचाच फेरा वापरून हातात बादली चिकटवली तर ती रिकामी दिसते. दुसरीकडे आजी हॉलमध्ये दोरीवरचा शालू काढते, घडी घालते आणि ताईच्या हातात देते. विचारत काही नाही. घडीचे पाच टप्पे हाताने काढलेले आहेत. कापड जोडलेल्या तुकड्यांनी हलवलं तर पुठ्ठ्यासारखं वाटतं. भागात पूर्ण हाताने काढलेली हालचाल एवढी एकच, आणि आठवड्याचा वेळ इथे घालवणं योग्यच होतं.

शेपटाचे तीस सेकंद. रविवार, पाणी आलेलं आहे. मामा सहाला उठून बोळाकडे निघतो. दाजी पेपरमधून मान वर न करता म्हणतात, ‘तू शेवटी जात जा रे.’ पूर्ण भागात ‘तू’ इथे पहिल्यांदा. ध्वनिमुद्रणात नटाने ‘तू’वर जोर दिला होता, ती खेप टाकून सपाट म्हटलेली घेतली. मामा दोन सेकंद उभा राहतो, वळतो, परत अंथरुणावर आडवा होतो. नाश्त्याच्या वेळी ताटाला नाही म्हणत नाही, पण तेवढ्यासाठी वेगळा शॉट नाही, मागे दिसतं.

शेवटचा शॉट कपाटावरचा कागद. मुलीने नवीन लिहिलेला. पाच ओळी वाचून व्हायला साडेतीन सेकंद, म्हणजे ८४ फ्रेम लागतात. अडीच सेकंदांना चौथ्या ओळीपर्यंतच डोळा पोचतो. संगणकातला अक्षरसंच वापरला तर शाळेची सूचना वाटते, म्हणून अक्षर हाताने, शाईच्या पेनने, दहावीच्या पोरीसारखं थोडं घाईचं. आजी ६:००, मी ६:२०, पप्पा ६:४०, आई ७:१०. ताईचा नंबर आता शेवटचा नाही, त्याकडे कोणी लक्ष वेधत नाही. खाली मामा, ७:४० ते, आणि पुढची जागा कोरी.